वापरलेल्या आउटबोर्ड मशीनचा फॉरवर्ड गिअर जोर लावला की सुटतो : दोष कुठून शोधायला सुरुवात करावी?

कर्लीकाठ

नमस्कार मंडळी. कर्ली नदीच्या मुखाजवळ, देवबागच्या बाजूला, घरच्या वापरासाठी मी फायबरची एक होडी ठेवली आहे आणि तिच्यासाठी यंदा वापरलेले आउटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन) विकत घेतले आहे. मशीन टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचे, ४० अश्वशक्तीचे आहे. गिअर आणि थ्रॉटल दोन्ही एकाच रिमोट लिव्हरवर असून केबलने चालतात. इंजिन सेल्फला लगेच सुरू होते, थंडाव्याच्या पाण्याची धार व्यवस्थित पडते आणि अर्ध्या थ्रॉटलपर्यंत काहीही तक्रार नाही. त्यापुढे वेग वाढवला, विशेषतः ओहोटीच्या प्रवाहाविरुद्ध नदीत वर जाताना, की खालून खट्ट असा आवाज होतो, मशीनचा आवाज एकदम चढतो, होडी ढिली पडते आणि पुन्हा एकदा खट्ट होऊन गिअर पकडतो. रिव्हर्स मात्र असा सुटत नाही. लिव्हर पुढे ढकलताना जड लागतो आणि न्यूट्रलची जागा मधोमध नसून किंचित पुढे सरकल्यासारखी वाटते.

ज्या मिस्त्रींना दाखवले त्यांनी कव्हरसुद्धा न उघडता 'गिअरबॉक्स गेला, खालचे अख्खे युनिट बदला' असे सांगितले. त्या युनिटची किंमत ऐकल्यावर मशीन घेतानाचा आनंद बराच ओसरला आहे. युनिट बदलण्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येईल आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

खाडीतला_खेकडा

आधीच्या मालकाने मशीन का विकले, या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मिळालेले आहे. दुरुस्तीबद्दल आता इतर मंडळी बोलतीलच.

पाना_नंबर_सतरा

गिअरबॉक्सकडे जाण्याआधी पंखा, म्हणजे पाण्यातला प्रोपेलर, पाहा. मोठ्या मशीनच्या पंख्यात मधल्या नळीभोवती रबराचा बुश दाबून बसवलेला असतो. पंखा दगडावर किंवा वाळूच्या दांड्यावर आपटला, तर धक्का दातांपर्यंत जाऊ नये म्हणून हा बुश घसरतो. एकदा घसरलेला बुश कमी वेगात बिनतक्रार चालतो आणि जोर लावला की पुन्हा घसरतो. इंजिन ओरडते, होडी जागीच राहते आणि सगळे जण गिअरला दोष देतात. तपासायचे असेल तर आतली नळी आणि बाहेरचा पंखा या दोघांवरून जाणारी एक सरळ रेघ रंगाने ओढा आणि एक जोरदार फेरी मारून या. रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले, तर नवा बुश किंवा नवा पंखा एवढाच खर्च आहे.

अगदी लहान, दोन-तीन अश्वशक्तीच्या काही मशीनमध्ये बुशऐवजी एक मऊ पिन असते आणि ती तुटते. तुमच्या मशीनमध्ये ती नसेल, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी सांगून ठेवतो.

कर्लीकाठ

रेघेचा प्रयोग केला. रेघ जागच्या जागी आहे, त्यामुळे पंखा निर्दोष ठरला. पंखा काढलाच होता म्हणून मागे पाहिले, तर शाफ्टभोवती नायलॉनच्या जाळ्याचा धागा घट्ट गुंडाळलेला निघाला.

पाना_नंबर_सतरा

तो धागा शेवटच्या सीलपर्यंत (तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कडीपर्यंत) पोचला असेल तर त्याने सीलची कड कापली असण्याची शक्यता आहे. गिअर ऑइल काढून पाहाच. खालचा स्क्रू सैल करताना सुरुवातीला काय बाहेर पडते याकडे लक्ष द्या: पाणी तळाशी बसते, म्हणून ते आधी येते. तेल दुधाळ असेल तर पाणी आत जात आहे. काही मशीनच्या स्क्रूला चुंबक असते. त्यावर राखाडी रंगाचा बारीक लगदा दिसला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज असते. बोटाला टोचतील असे कपचे निघाले तर मात्र मिस्त्रींचे म्हणणे खरे निघण्याची तयारी ठेवा.

सुकतीचे_पाणी

मूळ प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आत काय घडते हे आधी स्पष्ट असायला हवे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

इंजिनचा उभा शाफ्ट खाली येऊन एक पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, फिरवतो. हा पिनियन पुढच्या आणि मागच्या अशा दोन बेव्हल (तिरक्या दातांच्या) गिअरशी कायम जुळलेला असतो, त्यामुळे इंजिन सुरू असताना, अगदी न्यूट्रलमध्येसुद्धा, हे दोन गिअर एकमेकांच्या उलट दिशेने फिरतच असतात. पंख्याचा शाफ्ट त्यांच्या मधून मोकळा जातो. त्या शाफ्टवर, दोन गिअरच्या मधल्या जागेत, पुढे-मागे सरकू शकणारा एक जाड कडीसारखा तुकडा असतो. त्याला डॉग क्लच म्हणतात. त्याच्या दोन्ही तोंडांवर चौकोनी दाते असतात आणि तसेच दाते गिअरच्या तोंडावरही असतात. क्लच पुढे सरकून पुढच्या गिअरच्या दातांत अडकला की फॉरवर्ड, मागे सरकला की रिव्हर्स, मध्ये राहिला की न्यूट्रल. मोटारीच्या क्लचसारखी घासत घासत पकडणारी प्लेट इथे नसते. दाते एक तर पूर्ण अडकतात किंवा अजिबात अडकत नाहीत.

हा क्लच सरकवण्याचे काम लिव्हरपासून सुरू होते. लिव्हर केबल ढकलतो, केबल इंजिनवरचा छोटा आर्म फिरवते, आर्म एक उभी शिफ्ट रॉड हलवतो आणि रॉडच्या टोकाचा कॅम (ढकलणारा उतरता तुकडा) गिअरबॉक्समध्ये क्लचला पुढे-मागे ढकलतो. या साखळीत कुठेही दोन-तीन मिलिमीटरची हालचाल हरवली, तर क्लचचे दाते पूर्ण खोलीपर्यंत न शिरता केवळ टोकांवर अडकतात. कमी जोरात ते टिकतात. जोर वाढला की टोके एकमेकांवरून घसरतात, तुमचे ते खट्ट होते, आणि अशा प्रत्येक खट्टमध्ये कडा आणखी गोल होतात. पुरेशा गोल झालेल्या कडा मग केबल नीट असली तरी जोराखाली क्लचला स्वतःच बाहेर ढकलतात.

म्हणून दोष दोन प्रकारचा असू शकतो: हालचाल अपुरी आहे, किंवा दाते झिजले आहेत. जुन्या मशीनमध्ये पहिल्यामुळे दुसरा झालेला असतो, हेही खूपदा दिसते. पहिला दोष पान्याने आणि वेळ देऊन सुटतो, दुसऱ्याला गिअरबॉक्स उघडावाच लागतो. तुमची न्यूट्रलची जागा सरकलेली आहे, लिव्हर जड आहे आणि सुटतो तो एकच गिअर. यावरून मी तपासणी वरून खाली करीन.

मांडव्याचा_वारा

सुकतीचे_पाणी यांनी उत्तम समजावले आहे, पण मुळात दाते का झिजतात हे कोणी बोलत नाही. हल्लीची मुले लिव्हर धाडकन मारतात. आम्हाला शिकवले गेले होते की गिअर मऊ हाताने, सावकाश, दाते एकमेकांना ओळखू देऊन टाकावा.

सुकतीचे_पाणी

मांडव्याचा_वारा, तुमच्या शिकवणीबद्दल आदर ठेवून या मुद्द्यावर मी पूर्ण असहमत आहे. गिअर फिरत असतो आणि पंख्याचा शाफ्ट थांबलेला असतो. अशा वेळी क्लच सावकाश पुढे नेला तर तो आत शिरण्याआधी दातांच्या टोकांवरून टरर करत घासत राहतो. तो टरर आवाज म्हणजे कडा गोल होण्याचा आवाज आहे. सावकाशपणा थ्रॉटलला हवा, लिव्हरला नको. इंजिन पूर्ण मंद वेगावर येऊ द्यावे, क्षणभर थांबावे आणि मग लिव्हर एका ठाम हालचालीत खाचेत बसवावा. मंद वेग पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा जास्त ठेवलेला असेल तर ठाम हातानेसुद्धा आदळआपट होते, म्हणून तोही तपासून घ्यावा.

मांडव्याचा_वारा

टरर आवाजाचे म्हणणे मान्य आहे, तो मी ऐकलेला आहे. पण फॉरवर्डमधून थेट रिव्हर्समध्ये मारणाऱ्यांबद्दल माझे मत कायम राहील.

सुकतीचे_पाणी

त्या मताला माझी सहीसुद्धा जोडा.

जुवारीचा_नाखवा

लिव्हर जड लागतो, या लक्षणाकडे परत येतो. केबल इंजिनच्या टोकाला सोडा. आता तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासता येतात. केबल मोकळी असताना रिमोट लिव्हर हलवून पाहा. तरीही जड असेल तर दोष कंट्रोल बॉक्समध्ये किंवा केबलमध्ये आहे. केबलच्या आत खारे पाणी शिरून गंज धरला असेल तर वरून तेल सोडून उपयोग होत नाही, केबल बदलावी. नंतर इंजिनवरचा शिफ्ट आर्म हाताने हलवा आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाला पंखा हळूहळू फिरवायला सांगा. बंद इंजिनवर दाते दातांसमोर आले तर गिअर पडत नाही आणि माणसे जोर लावून रॉड वाकवतात. पंखा थोडा फिरवला की गिअर आपोआप आत जातो. हे करताना स्पार्क प्लगच्या टोप्या आणि किल स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढलेली असलीच पाहिजे, कारण गिअरमध्ये असताना पंखा फिरवणे म्हणजे इंजिन फिरवणे आहे.

आणखी एक जागा आहे, जिच्याकडे कोणी पाहत नाही. हाताने वर उचलायच्या मशीनमध्ये रिव्हर्स टाकल्यावर मशीन पाण्याबाहेर उसळू नये म्हणून एक हूक खाली अडकतो आणि हा हूक गिअरच्या आर्मशीच जोडलेला असतो. ब्रॅकेटजवळ मीठ साचून हा हूक आखडला की गिअर जड होतो आणि दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथी येतो. गोड्या पाण्याने धुऊन, घासून, ग्रीस लावून पाहा.

मिनेसोटातला_मालवणी

इकडे तळ्यांवर अजूनही ५० वर्षांपूर्वीची मशीन चालतात म्हणून एक वेगळा अनुभव देतो. त्या काळच्या काही अमेरिकन मशीनमध्ये गिअर केबलने न पडता विजेने पडत असे: गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड आणि तेलाचा छोटा पंप असे. वीज नसेल तर ते मशीन फॉरवर्डमध्येच राहते, म्हणजे बॅटरीची तार तुटली की जेटीला लागताना माणसाची कसोटी लागते. अशा युनिटमध्ये नेहमीचे जाड गिअर ऑइल भरले तर गिअर नीट पडत नाही, त्याला ठरवून दिलेले पातळच तेल लागते. तुमच्या मशीनला हे लागू नाही, परंतु जुने मशीन घेताना तेल कोणते हे आधीच्या मालकाच्या आठवणीवर न सोडता पुस्तिकेत पाहावे, एवढ्यासाठी लिहिले.

खाडीतला_खेकडा

जेटीला लागताना फॉरवर्डमध्येच राहणाऱ्या होड्या आमच्याकडेही आहेत, फक्त त्यात विजेचा दोष नसतो.

कर्लीकाठ

सर्वांचे आभार. सांगितलेल्या क्रमाने तपासले, निकाल लिहितो.

तेल काळपट होते, दुधाळ नव्हते. तळाशी पाणी आले नाही, चुंबकावर लगदा होता, कपचे नव्हते. केबल सोडल्यावर रिमोट लिव्हर पूर्ण मोकळा झाला. जुवारीचा_नाखवा यांनी सांगितलेला हूक खरोखरच आखडलेला होता. तो साफ केल्यावर इंजिनवरचा आर्म दोन बोटांनी हलू लागला आणि जडपणा संपला. मात्र आर्म न्यूट्रलच्या खाचेत ठेवून केबलचे टोक जुळवायला गेलो, तर भोक आणि खुंटी यांच्यात बोटभर जाडीचा फरक निघाला. म्हणजे लिव्हर पूर्ण पुढे असतानाही आर्म फॉरवर्डच्या शेवटापर्यंत जात नव्हता, आणि रिव्हर्सकडे मात्र गरजेपेक्षा जास्त जात होता. केबलचे टोक आट्यांवर फिरवून न्यूट्रलमध्ये जुळवले आणि लॉकनट आवळला.

आता पाऊण थ्रॉटलपर्यंत गिअर टिकतो. पूर्ण थ्रॉटलला अजून अधूनमधून सुटतो. सुकतीचे_पाणी यांच्या दोन प्रकारांपैकी दुसराही आहे, असे समजावे का?

सुकतीचे_पाणी

बहुधा आहे, पण आणखी एक चाचणी करा म्हणजे खात्री पटेल. होडी मजबूत खांबाला आखूड दोरीने बांधा, पाणी पुरेसे खोल असू द्या. केबल सोडून आर्म हाताने फॉरवर्डच्या शेवटापर्यंत न्या आणि तिथेच पक्का बांधा. मग थ्रॉटल हळूहळू वाढवा. तरीही सुटला तर वरच्या साखळीचा संबंध उरत नाही. कव्हर काढलेले असताना फ्लायव्हील उघडे फिरत असते. उपरणे, सैल बाही, लोंबणारी दोरी यांपैकी काहीही त्याच्याजवळ नको, आणि थ्रॉटलवरच्या माणसाच्या मनगटाला किल स्विचची दोरी असायलाच हवी.

पाना_नंबर_सतरा

आर्म आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये अजून एक जागा उरते. थंडाव्याच्या पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) बदलण्यासाठी खालचे युनिट उतरवावे लागते आणि त्यासाठी शिफ्ट रॉडचा मधला जोड सोडावा लागतो. परत बसवताना त्या जोडात रॉडचे आटे वर-खाली सारखे शिरले नाहीत, तर रॉडची लांबी बदलते आणि गिअरची मधली जागा सरकते. तुमची धार चांगली पडते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे इंपेलर अलीकडे कोणीतरी बदललेला असण्याची शक्यता आहे. केबलचा बोटभर फरक आपोआप पडत नाही. रॉड चुकीची बसल्यावर कोणीतरी केबल ओढूनताणून न्यूट्रल शोधलेला असावा.

कर्लीकाठ

बांधून चाचणी केली. आर्म शेवटपर्यंत असूनही पूर्ण जोराला एकदा सुटला. त्यानंतर युनिट उतरवले आणि पाना_नंबर_सतरा यांचा तर्क बरोबर निघाला: जोडाच्या खालच्या बाजूला आटे भरपूर शिरलेले होते, वरच्या बाजूला जेमतेम. इंपेलर नवा आहे.

दुसऱ्या एका कारागिराकडून गिअरबॉक्स उघडून घेतला. पिनियन आणि बेव्हल गिअरचे मुख्य दाते चांगले आहेत. डॉग क्लचच्या पुढच्या तोंडाच्या कडा गोल झाल्या आहेत, मागचे तोंड जवळजवळ नव्यासारखे आहे. फॉरवर्ड गिअरच्या दातांच्या कडाही थोड्या गोल आहेत. कारागिराने दोन पर्याय दिले: क्लच उलटा करून बसवायचा, म्हणजे चांगले तोंड पुढे येईल; किंवा वेल्डिंगने दाते भरून ग्राइंडरने चौकोनी करायचे. आपले मत काय?

मांडव्याचा_वारा

क्लच उलटा करून वर्षानुवर्षे चाललेली मशीन मी पाहिली आहेत. जिथे सुटा भाग वेळेवर मिळत नाही तिथे माणूस जे जमते ते करतो.

जुवारीचा_नाखवा

ते क्लच दोन्ही बाजूंनी सारखे असलेल्या जुन्या मशीनमध्ये. आताच्या अनेक क्लचवर एका तोंडाला इंग्रजी एफ अक्षर कोरलेले असते आणि ते तोंड फॉरवर्ड गिअरकडेच हवे असते. तसे अक्षर असेल तर उलटा बसवायचा विचार सोडा. वेल्डिंगला तर स्पष्ट नकार द्या. या दातांचा वरचा थर उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो थर मऊ पडतो आणि ग्राइंडर तो खरवडून काढतो. दिसायला दाते चौकोनी होतील, पण ते आधीच्यापेक्षा लवकर गोल होतील.

सुकतीचे_पाणी

सहमत. क्लच आणि फॉरवर्ड गिअर दोन्ही एकत्र बदला, कारण गोल कडांच्या जुन्या गिअरसमोर नवा क्लच ठेवला तर काही महिन्यांत तोही जुना होईल. नवा गिअर बसवताना बेअरिंगमागच्या शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) जपून ठेवायला सांगा आणि दातांमधला मोकळेपणा मोजून घ्या. इथे 'हाताला बरोबर वाटते' हा निकष चालत नाही. कॅम, त्याला टेकणारी छोटी दांडी, क्लचची आडवी पिन आणि स्प्रिंगसुद्धा पाहून घ्या. उघडलेच आहे तर पंख्याच्या शाफ्टचे, उभ्या शाफ्टचे आणि शिफ्ट रॉडचे सील, तसेच तेलाच्या स्क्रूंचे वॉशर नवे घाला. ही किंमत किरकोळ असते. जुळवणी झाल्यावर तेल भरण्याआधी पुस्तिकेत दिलेल्या दाबापर्यंत हवा भरून दाब टिकतो का ते तपासून घ्या.

मेधा_आचरे

आम्हीही होडीसाठी वापरलेले मशीन शोधत आहोत. विकणारा बहुधा पाण्याच्या पिंपात मशीन सुरू करून दाखवतो. त्यातून हा दोष कळतो का?

पाना_नंबर_सतरा

मेधाताई, पिंपात इंजिन कळते, गिअर कळत नाही. गिअर पडतो की नाही एवढे दिसेल, जोराखाली टिकतो की नाही ते दिसणार नाही. होडीला लावून, चार माणसे बसवून, प्रवाहाविरुद्ध पूर्ण थ्रॉटलला काही वेळ चालवून दाखवा असे सांगा आणि त्याआधी तेलाचा खालचा स्क्रू तुमच्यासमोर सैल करायला लावा. ज्याला हे दोन्ही नको असते त्याच्याशी पुढे किंमत ठरवण्यात अर्थ नाही. पाण्याशिवाय मशीन सुरू करून दाखवणाऱ्याला मात्र तिथेच थांबवा, कारण कोरडा इंपेलर बघता बघता जळतो.

कर्लीकाठ

काम पूर्ण झाले. क्लच, फॉरवर्ड गिअर आणि सगळी सील नवी घातली, कॅम चांगला होता. रॉडचा जोड दोन्ही बाजूंनी सारखा बसवला आणि त्यानंतर केबल पुन्हा न्यूट्रलला जुळवली. या वेळी ती ओढाताण न करता खुंटीवर बसली. सगळा खर्च नव्या युनिटच्या किमतीच्या निम्म्याहून बराच कमी आला. काल ओहोटीच्या जोराविरुद्ध पूर्ण थ्रॉटलला वर गेलो आणि गिअर एकदाही सुटला नाही. न्यूट्रलमध्ये पंखा अजूनही मंद फिरतो, तेवढे चालेल का?

सुकतीचे_पाणी

इंजिन चालू असताना आतल्या तेलाच्या ओढीने पंखा किंचित फिरणे स्वाभाविक आहे. जेटीला सैल बांधलेली होडी न्यूट्रलमध्ये दोरी ताणू लागली, तर मात्र जुळवणी पुन्हा पाहावी लागेल.

जुवारीचा_नाखवा

नवे गिअर बसवले आहेत, म्हणून पहिले तेल पहिल्या १० तासांनंतरच बदलून टाका. त्यात थोडा लगदा दिसेल, दुधाळपणा दिसता कामा नये. पुढे १०० तास किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. तेल भरताना वरचा स्क्रू उघडा ठेवून खालच्या भोकातून, वरून तेल ओघळेपर्यंत भरा, नाहीतर आत हवा अडकते. आधी वरचा स्क्रू लावा आणि मग खालची नळी काढा. जुने तेल नदीत ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.